नाकारलेली हवा : ए-सिरीज इंजिन आणि टर्बोचार्जर

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या कडेला असलेल्या लाँगब्रिज येथील ऑस्टिन कंपनीच्या कारखान्यात १९५१ साली ए-३० या छोट्या मोटारीसाठी ८०३ सीसीचे एक चार सिलिंडरांचे इंजिन तयार झाले, आणि ते अवघे २८ अश्वशक्तीचे होते. पुढे ‘ए-सिरीज’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या इंजिनाच्या घराण्यातून एकतीस वर्षांनी, १९८२ मध्ये, टर्बोचार्जर बसवलेले १२७५ सीसीचे ९३ अश्वशक्तीचे इंजिन बाहेर पडले. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. पिस्टन खालून वर सरकताना सर्व सिलिंडरांत मिळून जेवढी जागा व्यापतात, तिचे हे माप. त्या हिशेबाने इंजिनाचा आकार दीडपटीच्या थोडा वर गेला, तर शक्ती तिपटीहून अधिक झाली. मोटारींच्या इतिहासात अशा वाढीचे वर्णन बहुधा शक्तीच्या चढत्या आकड्यांतून केले जाते. परंतु ए-सिरीजच्या बाबतीत खरा अभ्यासविषय वेगळा आहे. टर्बोचार्जर या इंजिनाला जेवढी हवा पुरवू शकत होता तेवढी ती त्याला का दिली गेली नाही, आणि हा नकार किती विचारपूर्वक ठरवला गेला, हे पाहिल्याशिवाय जुन्या छोट्या इंजिनाचे टर्बोसाठी होणारे पुनर्बांधकाम टिकाऊ कशामुळे ठरते, याचा उलगडा होत नाही.

ए-सिरीजच्या घडणीवर तिच्या जन्मकाळाची छाप होती. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे मोटारीवरचा वार्षिक कर इंजिनाच्या ‘बोअर’वरून, म्हणजे सिलिंडरच्या व्यासावरून, ठरत असे आणि पिस्टनच्या फेरीची लांबी, म्हणजे ‘स्ट्रोक’, त्यात धरली जात नसे. परिणामी अरुंद बोअर आणि लांब स्ट्रोक ही तिथल्या रेखनकारांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो कर रद्द झाला, तरी नव्या इंजिनाचा बोअर ५८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७६.२ मिलिमीटर असाच राहिला. बिडाच्या आखूड ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, चार अरुंद सिलिंडर जवळजवळ उभे होते, आणि पिस्टनांची वरखाली गती चक्राकार गतीत बदलणारा क्रँकशाफ्ट तीनच मुख्य बेअरिंगांवर टेकलेला होता. याचा अर्थ असा की दोन बेअरिंगांमधल्या प्रत्येक गाळ्यात दोन पिस्टनांचा मार शाफ्टला विनाआधार सोसावा लागे. २८ अश्वशक्तीच्या इंजिनाला ही रचना पुरेशी होती, स्वस्त होती आणि हलकीही होती.

इंजिनाच्या डोक्याची, म्हणजे सिलिंडर हेडची, रचना अभियंते हॅरी वेस्लेक यांच्या कल्पनांवर आधारलेली होती. इंधन आणि हवा यांचे मिश्रण जिथे पेटते त्या ज्वलनकक्षाला त्यांनी बदामासारखा आकार दिला होता, ज्यामुळे मिश्रण घुसळले जाऊन नीट पेट घेई. परंतु व्हॉल्व्ह उघडणारे पुशरॉड आणि हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, हे सारे एकाच बाजूला आल्याने आठ व्हॉल्व्हांना आठ स्वतंत्र पोर्ट देण्याइतकी जागा उरली नाही. म्हणून पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरांना मिळून एक आणि तिसऱ्या व चौथ्यांना मिळून एक, असे आत येणाऱ्या मिश्रणाचे दोनच पोर्ट ठेवण्यात आले. धूर बाहेर जाण्यासाठी तीन पोर्ट होते आणि त्यांपैकी मधला दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांच्या सामाईक वापरात होता. या इंजिनाची प्रज्वलनाची क्रमवारी एक, तीन, चार, दोन अशी असल्याने एकाच पोर्टवरचे दोन सिलिंडर लागोपाठ ओढ घेतात आणि एकाने भरून घेताना दुसऱ्याच्या वाट्याचे काही हिरावले जाते. साध्या चालीत हा अन्याय जाणवत नाही, पण टर्बोच्या दाबाखाली ज्या सिलिंडराला पेट्रोल कमी पोचते तोच आधी धोक्यात येतो. त्याचप्रमाणे मधल्या सामाईक पोर्टभोवतीचे बीड दोन सिलिंडरांची धग एकट्याने सोसत असल्याने हेडचा सर्वांत तापणारा भाग नेमका मध्यावर येतो.

ऑस्टिन आणि मॉरिस यांच्या कंपन्यांचे १९५२ मध्ये एकत्रीकरण होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाल्यावर हे इंजिन मॉरिस मायनरमध्येही बसू लागले आणि त्याचा विस्तार सुरू झाला. १९५६ मध्ये ते ९४८ सीसीचे झाले, १९५९ मध्ये मिनी या छोट्या मोटारीसाठी ८४८ सीसीचे रूप आले, आणि १९६३-६४ मध्ये मिनी कूपर एस या स्पर्धाक्षम मोटारीसाठी बोअर ७०.६ मिलिमीटरपर्यंत वाढवून १०७१, ९७० आणि १२७५ सीसीची इंजिने काढण्यात आली. मूळ ब्लॉकच्या लांबीत एवढे रुंद सिलिंडर मावणे अवघड होते. म्हणून कडेचे दोन सिलिंडर बाहेर सरकवण्यात आले आणि मधले दोन एकमेकांच्या अधिक जवळ आणण्यात आले, ज्यामुळे त्यांच्यामधली भिंत पातळ झाली. या पातळ भिंतीवर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारी चकती, दाबून धरता यावे यासाठी कूपर एसच्या हेडला अकरा ठिकाणी आवळण्याची सोय करण्यात आली, तर क्रँकशाफ्टसाठी नायट्रायडिंग केलेले पोलाद वापरण्यात आले. नायट्रायडिंग म्हणजे पोलादी भाग अमोनिया वायूत साधारण पाचशे अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवून त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे. यामुळे मिलिमीटरच्या अंशाइतकी, पण अतिशय कठीण अशी त्वचा तयार होते आणि वारंवार वाकण्याने शाफ्टला तडा जाण्याची शक्यता घटते. १९६४, १९६५ आणि १९६७ च्या माँटे कार्लो रॅलीतील मिनीचे विजय हे या मजबूत केलेल्या इंजिनांचे होते. टर्बोचा विचारही नसताना कूपर एसने पुढच्या पुनर्बांधकामाची अर्धी उत्तरे देऊन ठेवली होती असे म्हणता येते.

उरलेली अर्धी अडचण मात्र मिनीनेच निर्माण केली. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगानंतर पेट्रोलची टंचाई भासू लागल्यावर ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे अत्यंत छोट्या मोटारीचे काम सोपवण्यात आले, आणि सुमारे तीन मीटर लांबीच्या गाडीत चार माणसे बसवण्यासाठी त्यांनी इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीत म्हणजे सम्पमध्ये, बसवला. जागेचा हा हिशेब अचूक होता. पण त्यामुळे इंजिन आणि गिअर यांना एकाच तेलावर गुजराण करावी लागली. गिअरचे दाते तेलाला सतत चिरडत राहतात व त्याचा चिकटपणा लवकर घटतो, आणि दात्यांची झीज होऊन सुटलेला धातूचा चुरा त्याच तेलातून फिरतो. शिवाय सम्पच्या मापाबाहेर गिअरबॉक्स वाढवणे शक्य नसल्याने दात्यांची रुंदी व मजबुती यांना कायमची मर्यादा पडली. १९५९ साली ३४ अश्वशक्तीच्या मिनीला ही मर्यादा जाणवण्याचे कारण नव्हते.

दरम्यान टर्बोचार्जरचा इतिहास दुसऱ्याच वाटेने चालला होता. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुराबरोबर वाया जातो. त्या धुराच्या झोतावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या चाकाने बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरायची, ही कल्पना. अधिक हवा म्हणजे अधिक इंधन जाळण्याची मुभा, आणि म्हणून तेवढ्याच आकारातून अधिक शक्ती. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या तत्त्वाचे एकस्व घेतले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाच्या लिबर्टी इंजिनाला टर्बो जोडून सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर त्याची चाचणी घेतली, कारण उंचावरील विरळ हवेत घटणारी शक्ती भरून काढणे हा त्यामागचा हेतू होता. १९२० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ब्यूखी यांची पद्धत यशस्वी झाली आणि १,७५० अश्वशक्तीची इंजिने २,५०० पर्यंत पोचली. जहाज आणि विमान या दोन्ही ठिकाणी इंजिन तासन्तास एकाच गतीने चालते आणि त्याच्या दिमतीला तंत्रज्ञ असतो. मोटारीत यांपैकी काहीच नसते.

म्हणूनच १९६२ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने विक्रीस आणलेल्या पहिल्या दोन टर्बो मोटारींचा अनुभव बोधप्रद ठरला. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर हिच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ होते. संपीडन गुणोत्तर म्हणजे पिस्टन तळाशी असताना सिलिंडरात असलेली जागा आणि तो माथ्यावर पोचल्यावर उरणारी जागा यांचे प्रमाण. हे गुणोत्तर जितके अधिक तितके मिश्रण अधिक दाबले जाऊन तापते, आणि टर्बोने आधीच दाबून तापवलेली हवा त्यात भरली की ठिणगीपासून निघालेली ज्वाला कक्षाच्या कडेला पोचण्यापूर्वीच तिथले मिश्रण एकदम आपोआप भडकते. या प्रकाराला ‘नॉकिंग’ म्हणतात; त्यात पिस्टनवर हातोडीच्या घावासारखा आघात होतो आणि काही मिनिटांतही पिस्टनची कड वितळू शकते. जेटफायरमध्ये यावर उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे द्रावण आतल्या हवेत फवारण्याची सोय होती, परंतु त्याची वेगळी टाकी मालकांनी वेळोवेळी भरणे अपेक्षित होते आणि बरेच मालक ती भरत नसत. अखेर कंपनीने अनेक गाड्यांवरचा टर्बो काढून हवेत पेट्रोल मिसळणारा साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. ज्या उपायाचा टिकाऊपणा वापरणाऱ्याच्या आठवणीवर अवलंबून राहतो तो छोट्या मोटारीत टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

१९७० च्या दशकात युरोपने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये २००२ टर्बो आणली आणि नॉकिंग टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर ६.९ इतके खाली आणले; त्यामुळे इंजिन सुरक्षित झाले, पण टर्बो जोर धरेपर्यंत ते मरगळलेले वाटे. त्याच वर्षीच्या तेलसंकटामुळे अशा गाडीला बाजारही उरला नाही आणि १,६७२ गाड्यांनंतर तिचे उत्पादन थांबले. १९७७ मध्ये स्वीडनच्या साबने ९९ टर्बो सादर केली, तेव्हा विचारच उलटा झालेला होता. साबच्या अभियंत्यांनी झटकन वेग घेणारा छोटा टर्बो निवडला आणि दाब ठरावीक मर्यादेला पोचताच धुराचा काही भाग चाकाला वळसा घालून सोडून देणारी ‘वेस्टगेट’ ही झडप त्याला जोडली. टर्बोचा उपयोग कमाल वेगासाठी नव्हे तर रोजच्या चालीतील जोरासाठी करायचा आणि त्यापलीकडची त्याची क्षमता जाणूनबुजून सोडून द्यायची, हे तत्त्व इथे यंत्रात उतरले. फ्रान्समध्ये रेनॉने आपल्या १,३९७ सीसीच्या जुन्या बिडाच्या इंजिनावर हाच प्रयोग करून १९८० मध्ये रेनॉ ५ टर्बो आणली. पण १९६२ पासूनच्या त्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पाच मुख्य बेअरिंगांचा आधार होता. ए-सिरीजकडे तीनच होती.

या पार्श्वभूमीवर ब्रिटिश लेलँडने १९८० मध्ये मेट्रो ही नवी छोटी मोटार बाजारात आणली. पूर्णपणे नव्या इंजिनासाठी पैसा नसल्याने ए-सिरीजच सुधारून, ब्लॉक अधिक ताठ करून, ‘ए-प्लस’ या नावाने तीत बसवण्यात आली; गिअरबॉक्स मिनीप्रमाणेच सम्पमध्ये राहिला आणि त्यात चारच गिअर मावत असल्याने पाचव्याची सोय होऊ शकली नाही. १९८२ मध्ये मेट्रोची एमजी मेट्रो ही आवृत्ती ७२ अश्वशक्तीची निघाली व त्याच वर्षी तिची टर्बो आवृत्ती आली, जिच्या इंजिनाच्या कामात लोटस कंपनीच्या अभियंत्यांचा हात होता. लोटसला याचा ताजा अनुभव होता, कारण १९८० च्या एस्प्री टर्बोमध्ये त्यांनी गॅरेट कंपनीचा टी-३ टर्बो कार्ब्युरेटरच्या अलीकडे बसवून दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधूनच पुढे ढकलण्याची पद्धत वापरली होती. मेट्रोतही तोच टर्बो आणि तीच पद्धत आली. एरवी कार्ब्युरेटर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इथे मात्र त्याच्यावरच दाब येत असल्याने पेट्रोल उलटे ढकलले जाऊ नये म्हणून त्याच्या फ्लोट चेंबरलाही तोच दाब पोचवावा लागतो, दांड्यांच्या फटी बंद कराव्या लागतात आणि पेट्रोल पंपाचा दाब नेहमी हवेच्या दाबाच्या वर राहील अशी नियंत्रक योजना करावी लागते.

पुनर्बांधकामाचे मर्म किती बारीक मापांत असते हे संपीडन गुणोत्तराच्या उदाहरणावरून दिसते. साध्या एमजी मेट्रोचे गुणोत्तर १०.५ होते, तर टर्बोसाठी ते ९.४ करण्यात आले. १२७५ सीसी इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ३१८ घन सेंटिमीटर धरली, तर पिस्टन माथ्यावर असताना उरणारी जागा पहिल्या गुणोत्तरात साधारण ३३.५ आणि दुसऱ्यात साधारण ३८ घन सेंटिमीटर येते. म्हणजे नॉकिंगपासून संरक्षण देणारा हा सगळा बदल प्रत्येक सिलिंडरमागे चहाच्या चमचाभर जागेचाही नव्हता. बीएमडब्ल्यूने केलेली मोठी घट इथे परवडणारी नव्हती, कारण छोट्या मोटारीचा बहुतेक प्रवास टर्बो जोर धरण्याआधीच्या गतीत होतो आणि तिथे इंजिन मेल्यासारखे चालले तर टर्बोचा हेतूच फसतो.

उष्णतेचा दुसरा मोर्चा धुराच्या व्हॉल्व्हांवर होता. टर्बोमुळे धुराची वाट अडते, तापमान वाढते आणि व्हॉल्व्हचे डोके लालभडक होते. हेच लाल डोके पुढच्या मिश्रणाला अवेळी पेटवण्याचे कारण ठरू शकते. मेट्रो टर्बोत यासाठी पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह वापरण्यात आले. सोडियम हा धातू सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे इंजिन तापताच तो द्रव होऊन व्हॉल्व्हच्या प्रत्येक उघडझापीबरोबर दांड्यात वरखाली हिंदकळतो, तापलेल्या डोक्याजवळची धग उचलतो आणि तुलनेने थंड असलेल्या दांड्यामार्फत ती हेडला व तेलाला देतो. विमानांच्या इंजिनांसाठी १९२० च्या दशकात सॅम हेरॉन यांनी विकसित केलेला हा उपाय साठ वर्षांनी बाजारहाटाच्या मोटारीत आला. त्याच्या जोडीला व्हॉल्व्हांना दुहेरी स्प्रिंगा देण्यात आल्या, आणि पिस्टन व क्रँकशाफ्ट वाढत्या भाराच्या मानाने बळकट करण्यात आले. हा भार सामान्य नव्हता: ७०.६ मिलिमीटर बोअरच्या पिस्टनवर ज्वलनाचा कमाल दाब ६० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे साठपट, धरला तर त्याच्या माथ्यावर दर स्फोटाला दोन टनांहून अधिक वजन आदळते, आणि मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या गतीत एका सिलिंडरात असे सेकंदाला पन्नास स्फोट होतात.

एवढे करूनही टर्बोला मोकळीक मिळाली नाही, आणि याचे कारण इंजिनात नसून त्याच्या पोटाखाली होते. टर्बोचा वाढीव दाब खालच्या फेऱ्यांत चौरस इंचाला सुमारे ४ पौंडांवर रोखून ठेवण्यात आला आणि वरच्या फेऱ्यांतच तो सुमारे साडेसातपर्यंत चढू दिला गेला. यामागची आकडेवारी बोलकी आहे. साध्या एमजी मेट्रोच्या तुलनेत टर्बोची शक्ती ७२ वरून ९३ अश्वशक्तीवर, म्हणजे जवळपास तीस टक्क्यांनी, वाढली. पण टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर, सुमारे ९९ वरून ११५ न्यूटन-मीटरवर, म्हणजे जेमतेम सोळा टक्क्यांनीच, वाढला. शक्ती ही टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकारातून येते. गिअरचे दाते तुटतात ते टॉर्कने. म्हणून जोर फार वाढू न देता तोच जोर वरच्या फेऱ्यांपर्यंत टिकवून ठेवला, तर दाते शाबूत राहून शक्तीचा आकडा मात्र वाढतो. टी-३ सारखा टर्बो साबच्या १,९८५ सीसीच्या इंजिनालाही पुरत होता, हे लक्षात घेतले तर मेट्रोत त्याच्याकडून किती थोडे घेतले गेले हे ध्यानात येते. इसिगोनिस यांनी १९५९ साली जागेसाठी केलेल्या निवडीने १९८२ च्या टर्बोची मर्यादा ठरवली होती.

तेलाची अडचणही तिथूनच आली. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरते आणि त्याची दांडी तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. हे तेल इंजिनाचेच, आणि मेट्रोत ते गिअरबॉक्सचेही. गाडी जोरात पळवून लगेच बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो, धुराच्या बाजूची धग दांडीकडे सरकते, आणि तिथे अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. तो कोळसा तेलाची बारीक वाट हळूहळू बुजवतो आणि एके दिवशी बेअरिंग कोरडे पडते. थांबण्यापूर्वी इंजिन मिनिटभर सावकाश चालू ठेवावे आणि तेल एरवीपेक्षा लवकर बदलावे, हा त्या काळच्या सर्व टर्बो मोटारींना लागू असलेला नियम सामाईक तेलाच्या इंजिनाला अधिक काटेकोरपणे लागू होता. पुढे टर्बोच्या मधल्या कवचातून पाणी खेळवण्याची पद्धत रूढ झाल्यावर हा धोका कमी झाला.

कारखान्यातील हे पर्व संपल्यावर ए-सिरीज टर्बोचे दुसरे आयुष्य छोट्या यंत्रशाळांत सुरू झाले. ईआरए या कंपनीने १९८९ मध्ये मेट्रोचेच टर्बो इंजिन बसवून मिनीची एक आवृत्ती काढली, आणि गंजून मोडीत निघालेल्या मेट्रोंची इंजिने ब्रिटनमधील हौशी मंडळी मिनीत बसवू लागली. मिनीत कार्ब्युरेटर आणि धुराचे नळकांडे इंजिनाच्या मागे, प्रवासी कक्षाच्या पोलादी पडद्याला खेटून असतात. तिथे टर्बो बसवला की समोरून येणारा वारा त्याला लागत नाही आणि धग त्याच कोनाड्यात कोंडते. शिवाय हवेचा दाब दीडपट केला की तिचे तापमान सहज पन्नास अंश सेल्सिअसने वाढते, म्हणून मेट्रोत नसलेला ‘इंटरकूलर’, म्हणजे दाबलेल्या हवेला थंड करणारी जाळी, गाडीच्या तोंडाशी बसवून लांब नळ्यांनी जोडण्याची प्रथा पडली.

या यंत्रशाळांत घडलेला पुनर्बांधकामाचा क्रम म्हणजे इंजिनाच्या इतिहासाची उलट उजळणीच होती. तीन बेअरिंगांच्या क्रँकशाफ्टची मधली पकड पोलादी पट्टीने जखडण्यात येई, कारण १९५१ मध्ये वाचवलेली दोन बेअरिंगे आता वाढवता येत नव्हती; हेडला कूपर एसप्रमाणे पुन्हा अकरा ठिकाणी आवळण्यात येई, कारण मधल्या सिलिंडरांमधली पातळ भिंत गॅस्केट उडण्याची पहिली जागा होती; आणि ओतीव पिस्टनांऐवजी घडीव, म्हणजे दाबाखाली ठोकून घडवलेले, पिस्टन निवडले जात. सर्वांत शिकवण देणारे माप मात्र पिस्टनच्या रिंगांचे होते. रिंग अखंड नसते. तिच्या दोन टोकांमध्ये फट असते आणि उष्णतेने रिंग लांबली की ती फट मिटत जाते. यंत्रशाळेत इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात; साध्या इंजिनात बोअरच्या दर इंचामागे साधारण चार थाऊ फट ठेवावी असा संकेत आहे, म्हणजे ७०.६ मिलिमीटरच्या बोअरला सुमारे अकरा थाऊ. टर्बोसाठी हीच फट पंधरा-सोळा थाऊपर्यंत वाढवावी लागते. कारागीर रिंग सिलिंडरात सरळ बसवून फटीत फीलर गेजची पाती सरकवतो आणि पाती अडली तर बारीक कानशीने टोक घासतो. पाच थाऊंचा हा कंटाळा केला तर पूर्ण दाबाखाली टोके एकमेकांना भिडतात, रिंगला जायला जागा उरत नाही आणि पिस्टनचा तेवढा काठ तुटून येतो. सुबक वाटणारे घट्ट माप इथे घातक ठरते आणि थंड इंजिनात थोडे सैल वाटणारे मापच तापल्यावर बरोबर बसते.

अशा रीतीने बांधलेली इंजिने दीडशे अश्वशक्ती आणि त्यापुढेही गेली. सामाईक पोर्टांच्या जाचातून सुटण्यासाठी काहींनी बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलचे सोळा व्हॉल्व्हांचे हेडही या ब्लॉकवर चढवले. परंतु प्रत्येक वाढीबरोबर गिअरबॉक्सचा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि सरळ दात्यांचे खास गिअर करून घेण्याचा खर्च अनेकदा टर्बोच्या खर्चाच्या पुढे गेला.

ए-सिरीजचे उत्पादन २००० साली जुन्या मिनीबरोबर थांबले. तोवर या घराण्याची १ कोटी ४० लाखांहून अधिक इंजिने तयार झाली होती. त्यानंतरच्या पिढीत टर्बो हा छोट्या पेट्रोल इंजिनाचा नंतर जोडलेला अवयव न राहता त्याच्या आराखड्याचा भाग झाला. पुण्याजवळील रांजणगाव येथील कारखान्यातून २०१७ मध्ये निघालेल्या टाटा नेक्सॉनचे ११९९ सीसीचे तीन सिलिंडरांचे टर्बो इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे आणि १७० न्यूटन-मीटर टॉर्कचे होते. म्हणजे मेट्रो टर्बोपेक्षा शक्ती थोडीच अधिक, पण टॉर्क जवळजवळ दीडपट. कारण इथे गिअरबॉक्स सम्पमध्ये कोंबलेला नव्हता, त्याचे तेल वेगळे होते आणि त्याचे दाते या जोरासाठीच कापलेले होते. आकारात फारसा फरक नसलेल्या या दोन इंजिनांतील अंतर मुख्यतः टर्बोच्या प्रगतीचे नाही. टर्बोने देऊ केलेल्या हवेपैकी कितीला नकार द्यावा लागला, याचे ते अंतर आहे. म्हणूनच जुने १२७५ सीसीचे इंजिन टर्बोसाठी बांधायला घेणारा जाणता कारागीर आजही दाब किती ठेवायचा हे ठरवण्याआधी इंजिन उलटे करून खालचा गिअरबॉक्स उघडतो आणि त्याचे दाते तपासतो.